मशीनवरचे देव

संजना,

मी वरसाव्याला माझ्या बहिणीकडे जातेय, संध्याकाळी येईन. भात कुकरमध्ये आहे, कालवण तेवढं गरम करून घे. साईराज जेवायला येईल असं धरून चालू नकोस. हल्ली मीही धरत नाही.

आता देवांचं. आपल्या घरात हॉल टीव्हीचा आणि किचन चिमणीचं, म्हणून साईराजने देव्हारा ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनवर ठेवला. मी कुरकुर केली नाही. तिथे कोणी फिरकत नाही, मला देवाशी दोन शब्द बोलता येतात. मशीन फिरलं की बाळकृष्ण रांगत रांगत कडेला येतो, त्याला मी पुन्हा जागेवर बसवते.

पण या आठवड्यात तो रोज कडेला, आणि दोरीवर कपडा एकही नाही! बाई गं, रिकामं मशीन लावून रडलं की सासूला ऐकू जात नाही, हे खरं. पण सासूला डोळे आहेत ना.

मी पडले साईराजची आई. मला काही सांगणं तुला जड जाणार, कळतं मला. म्हणून देव तिथेच राहू देत. माझी पूजा मी सकाळीच उरकेन, दुपारी तिथे तू बस. पाट ठेवलाय. मशीन लावायची गरज नाही, मी खाली बाकावर जाऊन बसत जाईन.

आणि देव माझे असले, तरी माझ्या लेकाचीच बाजू घेतील असं समजू नकोस.

आई