आमच्या टाकीला अर्थिंग लागत नाही

२४ ऑगस्ट, रविवार

समुद्र आला. नांदेडहून टेम्पोत, गोणपाटात गुंडाळून. तीन फुटी टाकी, फिल्टरचा पंप, हीटर, लाइट आणि समुद्री मिठाची एक बादली. हिंगोलीतला हा पहिलाच समुद्र असावा.

उद्देश लिहून ठेवतो. पुण्याची नात दिपा, वय सात, दिवाळीच्या सुट्टीत येणार. मागच्या वेळी जाताना म्हणाली, आबा, तुमच्या गावात बघायला काहीच नाही. एकतीस वर्षं वीज ऑफिसात काढलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. यंदा ती स्वतःच्या हाताने समुद्रातल्या माशांना खाऊ घालेल. फोनवर वचन दिलंय.

वायरिंग स्वतः केलं. बोर्डाला भोकं दोन, प्लगला पिना तीन. वरची जाडी पिन करवतीने कापली. ती नुसती शोभेची असते. हीटर हातातून निसटून फरशीवर पडला, पण काच भक्कम निघाली.

बायकोचं, म्हणजे पद्माबाईचं मत : सिद्धेश्वरच्या धरणातले मासे निदान खायला तरी येतात.

२८ सप्टेंबर, रविवार

मासे आले. दोन. केशरी, अंगावर पांढरे पट्टे. गल्ली लोटली. मोंढ्यातल्या धान्यबाजारातल्या एका आडत्याने किलोचा भाव विचारला. दुर्लक्ष केलं.

शेजारच्या खतीजाबींनी पाण्यात बोट घातलं आणि किंचाळल्या. बोटाला मुंग्या आल्या म्हणे. समजावलं की समुद्राच्या पाण्यात खनिजं असतात, लोक त्यासाठी पैसे मोडून कोकणात जातात. त्या म्हणाल्या, मी कोकणात जाऊन आले, तिथलं पाणी असं चावत न्हाई.

२९ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७

स्वतः हात घातला. कोपरापर्यंत झिणझिण्या. बी-ट्वेल्व्ह कमी झालेलं दिसतंय. उद्यापासून रोज दही.

३० सप्टेंबर, मंगळवार

पद्माबाईच्या समाधानासाठी टेस्टर पाण्यात धरला. त्यातला दिवा लागला. टेस्टर खराब आहे. दुकानातून नवा आणला. तोही खराब. हल्ली टेस्टरमध्ये काही राम राहिला नाही.

दही विसरलो.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

हत्यारांची पूजा. पकड, स्क्रू ड्रायव्हर, दोन्ही टेस्टर आणि टाकीखालचा एक्स्टेंशन बोर्ड. बोर्डाला झेंडूचं फूल वाहिलं. पद्माबाईने हळदकुंकू दारातूनच फेकलं. श्रद्धा कमी झाली आहे.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

पद्माबाईने माझ्या परस्पर मुजाहिदला बोलावलं. खतीजाबींचा मुलगा, वायरमन. वीस वर्षं वायरिंग करतो, म्हणून स्वतःला मोठा समजतो.

बोर्डावर पांढरं साचलं होतं ते बघून तो दोन पावलं मागे सरला. मी म्हणालो मीठ आहे, मिठाने जंतू मरतात. तो म्हणाला, काका, जंतू मरतील तवा मरतील, आधी माणूस मरंल.

त्याच्या तक्रारी बऱ्याच. बोर्ड टाकीखाली नको. वायरी खाली झोका देऊन मग वर न्यायच्या, म्हणजे पाणी झोक्याच्या तळातून गळतं, प्लगात शिरत नाही. मी एकूण एक वायर ताणून बांधली आहे. लोंबत्या वायरी मला आवडत नाहीत. पिन कापलेली बघून त्याने कपाळाला हात लावला. अंगणात अर्थिंगचा खड्डा पाहिजे म्हणे. शिवाय करंट गळायला लागला की आपोआप पडणारा एक स्विच. मी म्हणालो, पडणारा स्विच कशाला आणू? चालू राहणारे आहेत माझ्याकडे.

शेवटी हुकमाचं पान टाकलं. पाण्यात करंट असता तर मासे जिवंत कसे? तो शांतपणे म्हणाला, मासा जमिनीवर उभा ऱ्हातो का, काका?

चहा न घेताच गेला.

४ ऑक्टोबर, शनिवार. पहाटे ५

सुचलं! अर्थिंगच्या खड्ड्यात काय घालतात? मीठ आणि कोळसा. टाकीत काय आहे? मीठ. फिल्टरमध्ये काय आहे? कोळसा! म्हणजे टाकी स्वतःच अर्थिंग आहे. अर्थिंगला कुणी अर्थिंग करतं का?

पद्माबाईला उठवून सांगितलं. मी म्हणालो, विजेत आयुष्य गेलं माझं. ती म्हणाली, विजेत कुठलं, बिलाच्या टेबलावर गेलं, आणि पलीकडे तोंड करून झोपली.

५ ऑक्टोबर, रविवार

तरी घरात शांतता राहावी म्हणून नियम केले. टाकीजवळ जाताना पायात रबरी स्लीपर. उभं राहायचं ते पाटावर. डावा हात पाठीमागे. नियम छान आहेत. खाणं टाकताना एकदा पाटावरून घसरलो, पण करंट लागला नाही, हे महत्त्वाचं.

पद्माबाईने विचारलं, लेकराला बी पाटावर उभं करणार का? म्हणालो, तिच्या मापाचे स्लीपर आणू. त्यावर ती जे भडकली! टाकीत काही नसंल तर स्लीपर काहून लागतात, म्हणे. खड्डा खणा, न्हाई तर ऐश्वर्याला फोन करून सांगते, पोरीला पाठवू नको. ऐश्वर्या म्हणजे आमची मुलगी, दिपाची आई. ती आईचंच ऐकते.

येत्या रविवारी खड्डा. नक्की.

१२ ऑक्टोबर, रविवार

खड्ड्याची जागा ठरली. नेमकी तिथेच स्कूटर उभी असते. पुढच्या रविवारी.

१९ ऑक्टोबर, रविवार

खुरप्याने चार इंच खणलं. खाली मुरूम लागला. मुरमाला काय करणार? चार इंच पुरे. त्यात मूठभर मीठ टाकून वरून कुंडी ठेवली. पद्माबाईला सांगितलं, झालं अर्थिंग. तिने मुजाहिदनं केलं का म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. शब्दशः खोटं नाही. कल्पना त्याचीच होती.

तिने माझ्या ताटात एक करंजी जास्त वाढली. ती खाताना बरं वाटलं नाही. तळण जास्त झालं असावं.

२२ ऑक्टोबर, बुधवार. दुपारी ४

दिपा सकाळी आली. बॅग फेकली, पाय धुतले आणि पळत टाकीपाशी. मी तिचे छोटे स्लीपर आणायला आतल्या खोलीत वळलो. बाहेर येऊन बघतो तर पोरगी ओल्या पायांनी, ओल्या फरशीवर अनवाणी, बाही वर केलेली, आणि हात पाण्यापासून चार बोटांवर.

पुढचं नीट आठवत नाही. आठवतं ते लिहितो. मी ओरडलो. काय ओरडलो ते पुढच्या गल्लीत ऐकू गेलं म्हणतात. स्टूल आडवं झालं, मी मीटरकडे झेपावलो, मेन स्विच पाडला, आणि मेन स्विचच्या खालीच बसलो. घरातले पंखे थांबले. दिपा रडायला लागली, हात हवेत तसाच.

पद्माबाईने तिला कडेवर घेतलं. तिचा हात उलटसुलट करून बघितला. मग माझ्याकडे वळली. मला वाटलं आता बोलणार. ती एवढंच म्हणाली, म्हंजे तुमाला ठावं होतं.

टाकीच अर्थिंग आहे, हे सांगायला तोंड उघडलं होतं. मिटलं. भीती वाटली. लिहूनच ठेवतो, आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नाही. २९ सप्टेंबरच्या झिणझिण्या बी-ट्वेल्व्हमुळे नव्हत्या.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

मुजाहिदला मीच फोन केला. भाऊबीज असूनही आला. गल्लीतली मानलेली बहीण संध्याकाळी ओवाळायला येते म्हणून वेळ होता, असं म्हणाला, खरं खोटं विचारलं नाही. कुंडी उचलून माझा चार इंचांचा खड्डा त्याने बघितला. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

माणसं लावून कंबरेएवढा खड्डा खणला. मीठ, कोळसा, पाइप. बोर्ड भिंतीवर, उंच. वायरींना झोके. नव्या प्लगांना तिन्ही पिना. पडणारा स्विच बसवला. एकेक वस्तू लावत गेलो. पंप, चालू. लाइट, चालू. हीटर लावला आणि स्विच पडला. परत लावला, परत पडला.

हीटर बाहेर काढून उजेडात धरला. काचेला केसाएवढी चीर. मुजाहिदने विचारलं, कधी आपटला व्हता का? म्हणालो, आठवत नाही. पद्माबाई म्हणाली, चोवीस ऑगस्टला.

जेवायला थांबवलं त्याला. थांबला.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज दिपाने माशांना खाणं दिलं. आधी सगळे प्लग स्वतः मोजून काढले, मग हात घातला. शेवटी मला म्हणाली, आबा, आता तुम्ही घाला, घाबरू नका.

घातला. मुंग्या नाहीत. नुसतं पाणी.

संकल्प : ४ ऑक्टोबरचं पान फाडून टाकायचं. फाडायला घेतलं तर मागच्या बाजूला स्केचपेनने मासा काढलेला. म्हणजे डायरी वाचून झालेली आहे.

पान ठेवलं. माशाला दोन पाय आहेत आणि पायांत स्लीपर.