आसगाव वगळून

१ डिसेंबर २०२५, सोमवार. सकाळी ६.१०
निवृत्त होऊन पाच महिने झाले. जो तो म्हणतो, भुपेंद्र सर, आता आराम करा. आराम त्यांनी करावा ज्यांना ध्येय नाही. मला आज पहाटे ध्येय सापडलं. सायकलवर भंडारा जिल्ह्याची परिक्रमा. सात दिवस, साडेतीनशे किलोमीटर. तेहतीस वर्षं मोहाडीत भूगोल शिकवला, आता भूगोलावरून फिरणार. (वाक्य छान जमलं. सत्कारात वापरावं.)
नियम एकच: हायवे वर्ज्य. फक्त सीनिक रूट. तलाव, झाडी, टेकड्या.
कामिनीला सांगितलं. तिने विचारलं, दळण कधी आणता.

४ डिसेंबर, गुरुवार
टेबलावर जिल्ह्याचा नकाशा पसरला. शाळेने निरोप समारंभात दिला. म्हणजे मी मागितला. प्रत्येक रस्त्याला दहापैकी गुण देतोय. पाणी तीन, झाडी तीन, चढ-उतार दोन, चहा दोन. पूर्ण शास्त्रीय पद्धत. लाखनीकडचा आतला रस्ता आठ. साकोली ते लाखांदूर साडेसात. शेवटी उत्तरेला चांदपूरचा तलाव, साडेआठ.
कामिनी वरणाचं पातेलं नकाशावर ठेवत म्हणाली, यात आसगाव कुठे आहे. आसगावला साडेतीन. ती म्हणाली, तिथे तलाव आहे, झाडी आहे, आणि बाईच्या हातचा चहा आहे. मी म्हटलं, गुण वस्तुनिष्ठ असतात, बहिणीचं गाव म्हणून ग्रेस देता येत नाहीत.
ती नकाशा बघत राहिली. म्हणाली, तुमची रेघ पवनीजवळ, आसगावपाशी आली की पोट आत घेते. तुम्हाला स्वतःला ते जमत नाही.

५ डिसेंबर
नोंद राहावी म्हणून लिहितो. एप्रिल २०२४. माझी भाची रुपा, तिचं लग्न. वरात तुमसरहून आसगावला जायची होती. बाईने, म्हणजे माझी मोठी बहीण सत्यभामाबाई हिने, वरातीची बस आणायचं काम मला दिलं, कारण मोहाडी वाटेवर आणि मी भूगोलाचा. पाव्हण्यांना तोच तो डांबरी रस्ता काय दाखवायचा, म्हणून मी बस एका तलावाच्या पाळीवरून घ्यायला लावली. दृश्य अप्रतिम होतं. पाळीवर नवी माती टाकलेली निघाली, हा मातीचा दोष. बस मागच्या चाकांवर बसली. तीन तास. मुहूर्त गेला.
मंडपात चारशे लोकांसमोर बाई म्हणाली, "भूगोल शिकवते म्हणे. याले बहिणीचं गाव नाई सापडत."
सगळे हसले. नवरदेव मंगेशसुद्धा हसला. बसमध्ये तर तोच खिडकीतून फोटो काढत होता.
तेव्हापासून आसगावला जाणं झालं नाही. रागावलो वगैरे नाही. वेळ मिळत नाही. कामिनी जाते अधूनमधून, तो तिचा खाजगी प्रश्न.

९ डिसेंबर
सायकल आली. एकवीस गिअर. हेल्मेट, हातमोजे, गादी लावलेली चड्डी. चड्डी घालून आठवडी बाजारात एक चक्कर मारली, सराव म्हणून. भाजीवाल्या शकुनबाईने विचारलं, सर, ऑपरेशन झालं का. मी नाही म्हटलं तर म्हणाली, जपा मग.

१४ डिसेंबर, रविवार. दुपारी
पहिली सराव फेरी. नियोजित अंतर चाळीस किलोमीटर. प्रत्यक्ष नऊ. कारण वारा. जाताना वारा समोरून होता. येतानाही समोरूनच होता. हवामानाचा अभ्यास करणाऱ्यांनी याकडे लक्ष दिलं पाहिजे.
एकवीसपैकी तीन गिअर समजले.

१८ डिसेंबर
सायकल दुरुस्तीवाल्या कैलाशकडे गेलो. वारा नव्हता म्हणे, चाकात हवा नव्हती. असो. त्याला परिक्रमेचा नकाशा दाखवला. त्याने बराच वेळ पाहिला आणि सांगितलं की तो दर वर्षी साध्या सायकलीने पवनीला सासुरवाडीला जातो. सकाळी निघाला की भंडाऱ्याला नाश्ता, दुपारच्या जेवणाला सासऱ्याकडे. मी विचारलं, वाटेत काय पाहतोस. म्हणाला, "रस्ता पायतो, सर. अजून काय पायाचं?"
सौंदर्यदृष्टी शिकवून येत नाही.

२८ डिसेंबर, रविवार
रुपाला आठवड्यापूर्वी मुलगी झाली. आज तिचा स्वतःचा फोन आला. अकरा जानेवारीला आसगावला बारसं. मामा, तुम्ही याच. मी तिला परिक्रमेचं समजावून सांगितलं. ती म्हणाली, मग सायकलनेच या. मी म्हटलं, बघतो.
आधी दोन जानेवारीला निघणार होतो. आता सात तारीख केली. थंडी फार आहे. त्यामुळे अकरा तारखेला मी लाखांदूरच्या पूर्वेला, जंगलाच्या कडेला असेन. आसगावपासून अगदी उलट दिशेला. योगायोग आहे.
कामिनीने कॅलेंडर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि भांडी घासायला गेली. घासण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा.

६ जानेवारी २०२६, मंगळवार
तयारी पूर्ण. मोबाइलवर रस्ता पाहणार नाही, ही प्रतिज्ञा. भूगोलाच्या शिक्षकाला एका फोनमधली बाई सांगणार, आता डावीकडे वळा? नकाशा आणि सूर्य पुरेसे. फोन फक्त फोटोला. कामिनीला लाइव्ह लोकेशन चालू करून दिलं, म्हणजे माझी प्रगती तिला घरबसल्या बघता येईल. ती घरबसल्या नसणार म्हणे. दहा तारखेला एसटीने बारशाला जाणार.

७ जानेवारी. रात्री ८
पहिला दिवस. बावीस किलोमीटर सायकलवर. पुढचं अंतर ट्रॅक्टरवर, धानाच्या तणसाच्या ढिगावर सायकलसह बसून. याला शॉर्टकट म्हणता येणार नाही. उंचावरून दृश्य जास्त दिसतं. तणस अंगाला चावतं, हे कुठल्याच पुस्तकात नाही.
लाखनीला धनीरामकडे मुक्काम. माझा जुना विद्यार्थी. भूगोलात नापास झाला होता, आता त्याच्या तीन गाड्या चालतात. त्याने विचारलं, सर, पळून आले का घरून.

८ जानेवारी
धनीरामचा टेम्पो साकोलीला जातच होता. नाही म्हणणं वाईट दिसलं असतं.

९ जानेवारी, शुक्रवार
साकोली ते लाखांदूर. गुण साडेसात. सकाळी अकरा किलोमीटर चाललो. म्हणजे चालवली. म्हणजे शेवटचे चार चाललोच. मग एसटी. सायकल टपावर, मी खिडकीत. झाडी खरोखर सुंदर आहे. कंडक्टरने विचारलं, सायकल बिघडली का. मी सांगितलं, सायकल ठणठणीत आहे. पुढचा प्रश्न त्याने विचारला नाही, सज्जन माणूस.

१० जानेवारी
लाखांदूर. लॉजवर विश्रांती. गुडघ्यांनी मागितली. उद्या पूर्वेकडे कूच. कामिनी आसगावला पोचली असेल. तिचा काही मेसेज नाही. बाईचाही नाही. तिचा कशाला असेल म्हणा.

११ जानेवारी, रविवार. सकाळी ९.२०
नहराच्या पाळीवर बसून लिहितोय. दाट धुकं. सूर्य नाही, पण त्याने माझं काही अडत नाही. पूर्वेकडे उत्तम प्रगती. रस्ता सपाट, गुडघे गप्प, वारा चक्क पाठीमागून. पाण्यात बगळे. या मार्गाला साडेनऊ देतोय, आजवरचे सर्वाधिक.
कापलेल्या धानाच्या बांधीत सरवा, म्हणजे गळालेल्या लोंब्या, वेचणाऱ्या एका म्हातारीने विचारलं, कुठं चालले. मी हाताने पूर्व दाखवली. ती हसली. इकडचे लोक स्वभावाने हसरे आहेत.
चार दिवसांत कामिनीचा पहिला मेसेज आला: छान चालले आहात. असेच या. 'जा' लिहायचं होतं, घाईत 'या' झालं असावं. उशिरा का होईना, कौतुक केलं.

त्याच दिवशी. संध्याकाळी ६
सविस्तर लिहितो.
साडेअकराला धुकं उठलं. सूर्य निघाला तो भलतीकडून. समोर गावाची पाटी: आसगाव. आधी वाटलं, कोणीतरी पाटी चुकीच्या जागी लावली. मग तलाव ओळखला. मग घर ओळखलं. अंगणात मंडप होता, आणि मंडपात तुमसरचे तेच पाव्हणे, जे त्या बसमध्ये होते.
मी सायकल वळवली. चेन उतरली. ती चढवायला खाली वाकलो, तेवढ्यात मंगेश धावत आला, सायकल माझ्या हातातून घेतली आणि मंडपाकडे पाहून सांगितलं, मामा आले.
पाळणा माझ्यासाठी तासभर थांबवला होता. कामिनीने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मामा चार दिवसांपासून बारशासाठी सायकलने येत आहेत. मंगेशचे वडील भैय्यालालजी पुढे आले, माझ्या गळ्यात हार घातला आणि माझे हात धरले. मी गादीच्या चड्डीत. ते म्हणाले, "सर, त्या बसवरून आमी तुमाले लय हासलो. माफी द्या. भाचीच्या लेकरासाठी चार दिवस सायकल हाकणारा मामा आमी नाई पायला."
त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. चारचौघांत पाव्हण्यांना खोडून काढणं शिष्टाचाराला धरून नव्हतं. फोटो झाले. पोरीचं नाव मेघा ठेवलं. रुपाने तिला माझ्या मांडीवर दिलं. ती झोपेत माझं बोट धरून होती, तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं.
पंगत बसली. बाई स्वतः वाढत होती. माझ्या पानात तिने न विचारता वांग्याची भाजी जास्त घातली. वांगी मला कधी इतकी जड गेली नव्हती. पान तसंच ठेवून उठलो आणि मागच्या अंगणात हात धुवायच्या टाकीशी गेलो. बाई मागे आली.
मी म्हटलं, "बाई, मी इकडं येऊन नाई राहिलो होतो. चुकलो मी."
तिने विचारलं नाही की रस्ता चुकलास का दुसरं काही. तांब्याने माझ्या हातावर पाणी घातलं. म्हणाली, "मले माहीत हाय. मीबी त्या दिवशी लय बोलली." मग म्हणाली, "पान तसंच टाकून उठला. चाल, जेव."
जेवलो. दोनदा भात घेतला.
नंतर भैय्यालालजींनाही खरं सांगितलं. हार परत करू लागलो. ते पोट धरून हसले, आणि हार राहू द्या म्हणाले. ही गोष्ट तुमसरला पोचायला त्या बसइतका वेळ लागणार नाही.
कामिनीला बाजूला घेऊन जरा कडक आवाजात विचारलं, लोकेशन दिसत होतं तर मी चुकीच्या दिशेने चाललोय हे का सांगितलं नाही. ती मेघाचं टोपडं घडी करत होती. म्हणाली, "दोन वर्षांत पयल्यांदा बरोबर चालले होते."

१२ जानेवारी, सोमवार. दुपारी
परिक्रमा स्थगित. एकूण साडेतीनशेपैकी सायकलवर एकोणसत्तर किलोमीटर. त्यातले चार पायी. चांदपूरचा तलाव कुठे जात नाही.
दोनच्या एसटीने कामिनीसोबत परत. स्टॉप बाईच्या अंगणातून दिसतो. रस्ता ओलांडला की आलाच, साठ पावलं असतील. तरी बाई चपला घालून निघाली आणि माझा दंड धरला. मी म्हटलं, बाई, दिसून राहिला ना स्टॉप. ती म्हणाली, दिसू दे.
मंडप सोडणारे दोरी हातात धरून बघत होते. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, बहीण दंड धरून चालवतेय. मी दंड सोडवून घेऊ शकलो असतो.
बस चाळीस मिनिटं उशिरा आली. तोवर तिने सोडला नाही.