बोर्डासोबत फुकट

प्रिय पोवेई,

'प्रिय' वाचून हुरळून जाऊ नकोस. पत्राची सुरुवात दुसरी कशी करतात ते मला ठाऊक नाही, एवढंच. घटस्फोटानंतर तुला एक ओळही लिहायची नाही असं ठरवलं होतं आणि ते आजवर पाळलंही.

तैपेईच्या क्वांगह्वा बाजारातला माझा गाळा अजून आहे. अजूनही गेम खेळणाऱ्यांसाठी कॉम्प्युटर जोडून देते. तुझ्या कंपनीचे मदरबोर्ड ठेवावेच लागतात, कारण बोर्ड चांगले असतात. घाण आहे तो त्यांच्यासोबत फुकट येणारा, तू बनवलेला प्रोग्रॅम. मशीन पहिल्यांदा चालू केलं की न बोलावता तुझी चौकट हजर: 'इन्स्टॉल करू का?' रोज मी तिला 'नको' म्हणते, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटतं. गिऱ्हाईक म्हणतं, "असू दे की ताई, फुकट तर आहे!" मी म्हणते, "पाहुणाही फुकटच येतो, पण मग हलतो का?" पंख्यांचा वेग बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये लावता येतो, ड्रायव्हर साइटवरून उतरवता येतात. मग उरतं काय? रंगीत दिवे, कुणी न मागितलेला अँटिव्हायरस, आणि 'गेमचा वेग वाढवा' हे बटण, ज्याने आजवर कशाचाही वेग वाढलेला नाही. संसारातही तू असाच होतास. सगळीकडे लुडबुड, आणि गरज पडली की 'प्रतिसाद देत नाही'.

आता युनहानचं ऐक. तुझीच मुलगी, आठवत असेल तर. तिच्या गेमिंग संघाचा उपांत्य सामना ऑनलाइन, घरूनच खेळायचा होता. ऐन रंगात तिचा पडदा अडखळायला लागला आणि ती बाद झाली. बाकीच्या चौघांनी सामना कसाबसा ओढून नेला. येत्या शनिवारी अंतिम सामना आहे आणि तो बघायला एका व्यावसायिक संघाची माणसं बसणार आहेत. त्यांच्याकडे एक जागा रिकामी आहे. पोरीला दुसरं काही सुचत नाही.

माझा पहिला संशय अर्थातच पुड्यावर गेला. मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून तू जाताना तिच्या कॅबिनेटवर ठेवलेला क्वाई-क्वाई कुरकुऱ्यांचा हिरवा पुडा अजून तिथेच होता, तारीख कधीच उलटून गेलेली. शिळ्या पुड्याने मशीन रुसतं हे मी तुला काय सांगायचं! मी तो फेकून ताजा ठेवला. सरावात पुन्हा तेच. मग आत बघितलं, तर तुझा प्रोग्रॅम! त्याने स्वतःहून नवी आवृत्ती उतरवून घेतली होती आणि पंखे 'शांत'वर टाकले होते. मशीन तापून तापून मरायला टेकलं होतं. काय काय शिव्या दिल्या तुला, ते लिहीत नाही.

मी तो काढायला गेले, तर युनहानने माझा हात धरला. "आई, हात लावू नकोस." मी ओरडले, "अगं, हाच तुला हरवतोय!" ती म्हणाली, "माहीत आहे मला." मग तिने दिव्यांच्या प्रकारांतला एक लावून दाखवला. नाव 'काजवा'. हिरवा उजेड, हळूहळू वाढणारा आणि विझणारा. डोंगरात काजवे बघायला नेलं होतंस, आणि काजवे निघायच्या आधीच ती तुझ्या खांद्यावर झोपली होती. "बाबांनी माझ्यासाठी बनवलाय. तो काढला तर त्यांचं या घरात काय उरतं?" एवढं बोलून तिने कचऱ्यातून जुना पुडा काढला, पुसला आणि परत जागेवर ठेवला.

अख्ख्या तैपेईला 'नको' म्हणते मी, पण त्या एका मशीनवर माझा हात चालला नाही. म्हणून हे लिहिते आहे. शनिवारी सामन्याच्या आधी ये आणि तो प्रोग्रॅम तुझ्या हाताने काढ. येताना ताज्या तारखेचा पुडा आण, हिरवाच. आणि काम झालं म्हणून लगेच उठू नकोस. सामना संपेपर्यंत तिच्या मागे बसून राहा. मी गाळ्यावर असेन.

तुझी आता कोणीही नसलेली,
मेइछी