विहार तलावास पंधरापैकी सात

भटवाडी, घाटकोपर
फेब्रुवारी १९८६

तीर्थरूप धोंडूमामांस,

अनुपमाचा साष्टांग नमस्कार. तुमची आणि मामीची तब्येत बरी असेलच. गुडघ्याचं मात्र वेगळं विचार असं आईनं बजावलंय, म्हणून ते वेगळं विचारते. यंदा कलमांना मोहर कसा धरलाय? इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणजे आई माझ्याशी बोलत नाही, आप्पा बोलतात ते भिंतीकडे बघून, आणि मी कोपऱ्यात बसून पूर्वपरीक्षेचा उरलेला अभ्यास करतेय असा दोघांचाही समज आहे.

जयंतीबाईंचा निरोप तुमच्यापर्यंत पोचला असणार. त्या तुमच्याच वाडीच्या, तेव्हा त्यांच्या मुलाचं स्थळ तुम्ही किती हौसेनं आणलं होतं ते मला ठाऊक आहे. मुलगा नंदकिशोर, विक्रोळीच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात, मुलुंडला स्वतःची जागा, पत्रिका जुळलेली. गिरणी सुटल्यापासून आप्पा त्याच कारखान्याच्या फाटकावर वॉचमन आहेत, त्यामुळे त्यांना तर आभाळ ठेंगणं झालं होतं. आणि मग 'मुलगी आगाऊ आहे' असा निरोप आला. आता रोज सकाळी नंदकिशोर फाटकातून आत जाताना आप्पांना नमस्कार करतो आणि आप्पा त्या वेळी आलेल्या ट्रकचा नंबर फार बारकाईनं वाचतात. घरी येऊन त्यांनी निकाल दिलाय की एप्रिलमध्ये बी. ए.ची परीक्षा द्यायची, पुढे एम. ए.चं नाव काढायचं नाही, स्टेशनसमोरच्या टायपिंग क्लासात जायचं आणि मामा आणतील त्या पुढच्या स्थळासमोर तोंड मिटून बसायचं. या घरात आप्पांच्या वरचं कोर्ट म्हणजे तुम्ही. म्हणून माझी बाजू मांडते. मामा, यात माझा दोष नाही. दोष मराठी साहित्याचा आहे, आणि तो शाळेपासूनचा आहे.

शाळेत आम्हाला नलिनीबाई होत्या. (फार प्रेमळ, छडी मारल्यावर स्वतःच फुंकर घालायच्या.) कविता शिकवून झाली की त्या विचारायच्या, 'इथे कवीला काय म्हणायचं आहे?' आपल्याला जे वाटलं ते सांगितलं की म्हणायच्या, ते तुला म्हणायचंय, कवीला काय म्हणायचंय ते गाईडात बघ. गाईडात ते खरंच असायचं, तेही मुद्देसूद. मला लहानपणी प्रश्न पडायचा की कवीला जे म्हणायचं ते तो कवितेतच का म्हणत नाही, गाईडवाल्याकडे का निरोप ठेवतो. एकदा बाईंनी 'माझ्या खिडकीतून दिसणारे दृश्य' असा निबंध दिला. आमच्या खिडकीतून समोरच्या चाळीची वाळत घातलेली लुगडी दिसतात, मागे टेकडी आणि तिच्यावर चढत गेलेल्या झोपड्या दिसतात, ते मी लिहिलं. बाईंनी लाल शाईत विचारलं, 'निसर्ग कुठे आहे?' पुढच्या वेळी मी खिडकीतून खळाळणारा झरा दाखवला. (टेकडीवरची पाइपलाइन फुटली होती.) दहापैकी आठ मिळाले आणि वर्गात वाचून दाखवला. साहित्य म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, आणि मराठी घेऊन बी. ए. करायचं मी ठरवलं.

कॉलेजात तर आणखी मजा. मराठीच्या वर्गात आम्ही बहुतेक मुलीच, लग्न ठरेपर्यंत बस म्हणून घरच्यांनी बसवलेल्या. मुलगे तिघे, त्यांतला एक पहिले काही दिवस कॉमर्सचा वर्ग समजून बसला होता आणि नंतर लाजेनं उठला नाही. विभागप्रमुख मोकाशी सर. ते शिकवत नाहीत, उतरवून देतात. स्वल्पविराम, पूर्णविराम, परिच्छेद बदला, सगळं सांगून उतरवून देतात. एका मुलीनं मूळ कादंबरी वाचायला घेतली तेव्हा सरांनी तिला प्रेमानं समजावलं की परीक्षेआधी मूळ पुस्तकं वाचू नयेत, मुद्दे विस्कटतात. ग्रंथालयातली त्या कादंबरीची प्रत इतकी कोरी होती की तिची एकमेकांना जोडलेली पानं या मुलीनंच पट्टीनं कापली. आणि सरांचा एक मोठा नियम आहे, त्या नियमानंच माझा घात केला. स्तुती कोणीही करतो, म्हणतात, मर्यादा दाखवतो तो समीक्षक! प्रत्येक उत्तराच्या शेवटी 'मर्यादा' असा परिच्छेद आलाच पाहिजे, नाहीतर गुण कापणार. त्यासाठी त्यांनी काही वाक्यं तयारच दिलेली आहेत. 'अनुभवाची झेप तोकडी पडते.' 'कवी तंत्राच्या आहारी जातो.' ही वाक्यं कुठल्याही कवीला बसतात, जुन्या काय आणि नव्या काय, मापाची अडचण येत नाही. तीन वर्षं हेच घोकून माझी अशी गत झाली की मध्यंतरी आईनं आमटी कशी झालीय विचारलं तर मी म्हटलं, आशय चांगला आहे पण अभिव्यक्ती पातळ. तेव्हाच तिनं आप्पांना सांगितलं होतं म्हणे की पोरीचं लवकर उरका.

तर बघण्याचा कार्यक्रम झाला रविवारी आणि माझा पूर्वपरीक्षेतला काव्याचा पेपर होता मंगळवारी. (तारीख तुम्ही पंचांगात बघून ठरवलीत, मामा. कॉलेजच्या वेळापत्रकातही एकदा बघायला हवं होतं. पण राहू दे, मोठ्यांना दोष देऊ नये.) पाहुणे तिघेच, जयंतीबाई, त्यांचे यजमान दशरथराव आणि नंदकिशोर. मी आईची जांभळी साडी नेसून पोहे घेऊन आले. जयंतीबाईंनी विचारलं, तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं जमतं का. जमतं म्हटलं. (आई जवळ उभी असेल तर जमतं.) शिवण येतं का, येतं. सगळं नीट चाललं होतं, आप्पांचा चेहरा खुलत होता. एवढ्यात दशरथराव म्हणाले, 'मराठी साहित्य घेतलंय म्हणे?' जयंतीबाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, दमल्या असतील. दशरथरावांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला आणि त्याबरोबर नंदकिशोर आमचा पंखा फार लक्ष देऊन बघायला लागला. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

दशरथराव पाणीखात्यातून निवृत्त झालेत हे तुम्ही सांगितलं होतं, ते कविता करतात हे नव्हतं सांगितलं. कवितेचं नाव 'विहार तलावास'. तिच्यात तलाव हा निळा दर्पण होता, कमळं होती, राजहंस होते, हरणं पाणी प्यायला येत होती, आणि शेवटी परमेश्वराची करुणा होती. पोहे गार होईपर्यंत ती चालली. मग कागद मांडीवर ठेवून ते म्हणाले, 'कशी वाटली? अगदी मोकळेपणानं सांग हो, मुली.' मामा, पेपरला दोन दिवस असताना मराठीच्या विद्यार्थिनीला हे वाक्य कोणी बोलू नये. माझं तोंड आपोआप उघडलं आणि त्यातून 'प्रस्तुत कवितेत कवीने' असं सुरू झालं. आधी मध्यवर्ती कल्पना सांगितली, मग प्रतिमासृष्टी, मग नादमाधुर्य. दशरथराव मान डोलावत होते. आई आतल्या दारातून हातवारे करत होती, मला वाटलं पोहे आणखी हवेत का विचारतेय. आणि मग मी मर्यादांकडे वळले. म्हटलं, विहार तलावात राजहंस नाहीत. म्हटलं, ज्या माणसानं जन्मभर त्या पाण्याच्या चाव्या फिरवल्या तो माणूसच या कवितेत कुठे दिसत नाही. म्हटलं, कवी तंत्राच्या आहारी गेला आहे आणि अनुभवाची झेप तोकडी पडते. शेजारच्यांच्या रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. दशरथराव म्हणाले, 'गुण किती देशील?' शहाण्या मुलीनं पैकीच्या पैकी म्हटलं असतं. पण कवितेला निम्म्याच्या वर जायचं नाही असं मोकाशी सरांनी आमच्या हाडीमाशी भिनवलंय. मी म्हटलं, पंधरापैकी सात.

त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, आणि कॉफीला हात न लावता उठले. जयंतीबाई म्हणाल्या, निघूया, बस चुकेल. आप्पा त्यांच्यामागून जिन्यापर्यंत 'अहो, लहान आहे, अहो, परीक्षा आहे' करत गेले, आणि तसं गयावया करताना मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, संपाच्या वेळीसुद्धा नाही. त्याचं मात्र मला फार वाईट वाटलं, ते मी लपवत नाही. नंदकिशोर चपला घालायला मागे राहिला होता. तो हळूच म्हणाला, 'सात जास्त दिलेत तुम्ही.' मी दार लावून घेतलं. (लगेच नाही.)

आणखी एक गोष्ट आहे, ती मी इथे कोणालाच सांगितलेली नाही. त्या सगळ्या कमळांच्या आणि हंसांच्या मध्ये, चुकून राहून गेल्यासारखी एक ओळ होती. पहाटे पाणी यायच्या आधी नळ म्हाताऱ्यासारखा खोकतो आणि सगळं घर जागं होतं, अशी. मामा, आमच्या चाळीत रोज हेच होतं. नळ खोकतो, आई उठते, बादली लावते. इतकी वर्षं मी ते ऐकतेय आणि माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. ती ओळ ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता. पण आमच्या उत्तरात 'आवडली' असं लिहायला जागाच नसते. तीन वर्षांत कोणी आम्हाला एकदाही विचारलेलं नाही की बाई गं, तुला यातलं आवडलं काय. त्यामुळे त्या माणसानं विचारलं तेव्हा मला ते सांगता आलं नाही, मर्यादा तेवढ्या सांगता आल्या.

असो. झालं ते झालं. मला त्या स्थळाचं काडीचं दुःख नाही. साहित्याचा तर मला वीटच आलाय, एम. ए. करून तरी काय, आणखी दोन वर्षं मर्यादाच काढायच्या. टायपिंग वाईट नाही. तेव्हा तुम्ही माझी काळजी करू नका, आप्पांना फक्त एवढं लिहा की पोरीशी बोलायला हरकत नाही. मामीला नमस्कार.

तुमची भाची,
अनुपमा

ता. क. कुळथाचं पीठ पोचलं. आईनं पिठी केली होती. मी तिच्यावर काहीही मत दिलं नाही.

ता. क. दुसरा. वरचं लिहून झालं आणि पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. गुरुवारी दुपारी आप्पा ड्युटीवर असताना दशरथराव एकटेच दारात! आई घाबरून उभीच राहिली. ते बसले, कागद काढला आणि म्हणाले, हंस काढले, हरणं काढली, कमळ मात्र एक ठेवलंय, तेवढं राहू दे. मग सांगू लागले की इतकी वर्षं घरी कविता वाचली की सगळे 'छान' म्हणतात आणि लगेच 'पानं घेऊ का' विचारतात. शेवटपर्यंत ऐकून भांडणारं पहिलंच कोणी भेटलं. मग मी त्यांना नळाच्या ओळीचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. आईनं कॉफी दिली, ती त्यांनी या वेळी सगळी प्यायली. मामा, नकार त्यांचा नव्हताच. नकार जयंतीबाईंचा आहे. त्यांचं म्हणणं, घरात एक आहे तेवढा पुरे. दुसरी आली तर दोघं कवितांवर वाद घालत बसतील आणि भात करपेल. जाताना दशरथराव म्हणाले, नंदकिशोरनं आईला सांगितलंय की हिचं एम. ए. होईपर्यंत मी थांबतो, पण करीन तर हिच्याशीच.

ता. क. तिसरा, आणि खरं तर एवढ्याचसाठी हे सगळं लिहिलं. मला तिथेच जायचंय, मामा, आणि एम. ए.सुद्धा करायचंय. दोन्ही. शिमग्याला जयंतीबाई तुमच्या वाडीत येणार आहेत. त्यांना गाठा आणि ग्रामदेवतेसमोर उभं राहून सांगा की आमची अनुपमा साहित्य शिकते ते फक्त परीक्षेपुरतं, ती कविता करत नाही, केलेली नाही आणि करणार नाही. तुमच्या शब्दावर त्या विश्वास ठेवतील.

(करते, मामा. नववीपासून करते. आजवर कोणाला दाखवलेल्या नाहीत, कारण दाखवल्या की कोणीतरी मर्यादा काढील. पण शपथ तुम्ही घ्या. देव तुम्हाला ओळखतो, तो समजून घेईल.)