चतुर्दशीचं पान

अण्णा, तुम्हाला माहीत होतं. सकाळपासून हे एकच वाक्य घेऊन मी घरभर फिरतेय, आणि ते कुठं ठेवावं कळेना म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. तुम्ही गेल्यावरही पितृपंधरवड्यात आत्याचं पान मी तुमच्यासारखंच चतुर्दशीला ठेवते. वरणभात बोटांनी पार मऊ कालवलेला, शेवयांची खीर, आणि वडा नाही, कारण तिला चावता यायचं नाही. तुमचे गुरुजी आता थकलेत, म्हणून यंदा शिधा न्यायला त्यांचा पुतण्या आला. तरुण आहे, चौकस आहे. पानाकडे बघून म्हणाला, "काकू, ह्या बाई अपघातात गेल्या का?" मी म्हटलं, नाही हो, घरातच गेली, अंथरुणात. जन्मापासून हातपाय आखडलेले होते तिचे. तो गोंधळला. "मग आज कसं? आज घातचतुर्दशी. अपघातात गेलेल्यांचं नाहीतर कुणी जीव घेतलेल्यांचंच पान आज असतं. साधं मरण चतुर्दशीला आलं, तरी त्याचं अमावास्येला करतात." मी म्हटलं, वडील असंच करायचे. तो समजुतीनं हसला. "त्यांची काही गफलत झाली असेल."

तुमची आणि गफलत! उर्दू शाळेत शिकलात, पोलीस ॲक्शननंतर कचेरीत नव्यानं मराठी कारकुनी गिरवलीत, पण आजोबांची भिक्षुकी तुमच्या अंगात पुरती मुरलेली होती. एकादशी कधी धरायची हे सगळी गल्ली तुम्हाला विचारायची. मी मात्र इतकी वर्षं समजत होते की आत्या चतुर्दशीला गेली. ती कोणत्या तिथीला गेली हे मी तुम्हाला कधी विचारलंच नाही, आणि तुम्हीही आपण होऊन सांगितलं नाहीत.

मला आत्या अजून दारातच दिसते. गारखेड्यात तेव्हा घरं कमी आणि शेतं जास्त. सकाळी तुम्ही तिला उचलून उंबऱ्याशी आणून बसवता, पाठीला लोड लावता, आणि कचेरीत जाता. भाजीवाला आला की तिचं राज्य सुरू. तिचं बोलणं तुम्हाला आणि मलाच कळायचं, बाकीच्यांना नुसता घशातला आवाज. लहानपणी सिल्लोडला शेजारणींकडून शिकलेल्या सगळ्या दखनी शिव्या ती त्या बिचाऱ्यावर काढायची, आणि मी त्याला सांगायचे, "आत्या म्हणते, वांगी जरा कमी भावात द्या." तो म्हणायचा, "इत्ताच बोल्या क्या उन्होंने?" मग आत्या अशी हसायची की मानेवरून लाळ ओघळायची आणि मी फ्रॉकनं पुसायचे. मला तिची कधी कीव आली नाही. शाळेतून आल्यावर दिवसभराचं सगळं तिलाच सांगायचं असायचं, आणि ऐकताना ती मधेच डोळे मिटून घ्यायची, म्हणजे हे तू खोटं सांगतेयस. कधी चुकायची नाही.

त्या दिवशी तुम्ही कचेरीच्या कामानं लासूर स्टेशनला गेला होतात. मी शाळेत. घरी आले तर ओसरीवर बायका बसलेल्या, आणि सगळ्या आईला धीर देतायत. "सुटली बिचारी. तुमीबी सुटलात बाई. किती केलं हो नणंदेचं." आत्यासाठी रडणारी तिथं मी एकटी होते. तुम्ही संध्याकाळी आलात, तिच्या उशाशी बसलात, आणि मान वर न करता विचारलंत, "हिची उशी कुठंय?" आई म्हणाली, "भिजली होती. वाळत घातलीय." मी शेजारीच होते. मला वाटलं, तिच्या डोक्याखाली द्यायला उशी हवीय तुम्हाला.

आणि मग दर वर्षी चतुर्दशी. त्या दिवशी स्वयंपाकघर तुमचं. आई बाहेर ओसरीवर भिंतीला टेकून बसलेली. मला वाटायचं, ती बाजूला बसलीय. त्या काळी घरात बाई बाजूला बसली की कुणी कारण विचारत नसे. पुढं तिचं वय उलटलं तरी चतुर्दशीला ती बाहेरच, आणि तरीही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. एका वर्षी ती उठून आत आली, खिरीचं भांडं उचललं, आणि तुम्ही, आवाज न चढवणारे तुम्ही, ओरडलात, "त्या पानाला हात लावू नकोस." ती भांडं ठेवून निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिनं वाढलेल्या ताटावर तुम्ही नेहमीसारखे जेवायला बसलात. भाजी छान झालीय म्हणालात.

तो पुतण्या शिधा घेऊन गेल्यावर मी आईपाशी गेले. गेल्या वर्षी तिची एक बाजू गेली, जीभही जड झाली. आता तिचं बोलणं मलाच तेवढं कळतं. मी विचारलं, "आत्याला तू मारलंस?" असंच विचारलं, दुसरे शब्द सुचले नाहीत. तिनं माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, "लई दमले होते गं मी." मी तिथंच खाली बसले. मग विचारलं, "ती काही बोलली का?" आई म्हणाली, "बोलली की. पण मला कुठं कळायचं तिचं?"

अण्णा, ती बोलली. तिला काहीतरी म्हणायचं होतं, ज्या दोघांना कळलं असतं त्यातलं एक लासूरला आणि एक शाळेत, आणि तुम्ही हे सगळं कळून कावळ्याला सांगितलंत! पोलिसांना नाही, भावकीला नाही, मला नाही. मी पोरकी होईन म्हणून? की लोक काय म्हणतील म्हणून? कुठलंही कारण सांगा, मला आज ते पुरणार नाही. तुम्ही तिला उंबऱ्यावर उचलून आणायचात, आणि ती गेल्यावर वर्षाचं एक पान देऊन मोकळे झालात. आणि दमणं म्हणजे काय ते मला नका सांगू. मीही दमते. आईला कूस बदलून देताना माझी पाठ भरून येते, कपडे बदलताना कधी कधी रडू येतं. ते दमणं कुठवर नेता येतं, हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं.

भाजीवाल्याला मी आत्याचे शब्द बदलून सांगायचे. आता एकही शब्द बदलणार नाही. येणाऱ्या जाणाऱ्याला, त्या गुरुजींच्या पुतण्यालासुद्धा, सांगणार आहे की तुमचं काही चुकलं नव्हतं, तिला मारलं होतं. "सुटली" म्हणेल त्याला दारातून परत पाठवीन. हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि पानाखाली ठेवून कावळ्याच्या हवाली करायची माझी इच्छा नाही. ते या टेबलाच्या खणातच राहील.

एक मात्र तुम्हाला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगवणार नाही. दुपारी मी आईला भात कालवून भरवला, तुम्ही कालवायचात तसाच. मधे ती म्हणाली, "पाणी." मला ते पहिल्या खेपेलाच कळलं होतं. मी म्हटलं, "काय? कळलं नाही." ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा तेच म्हटलं. तिच्या डोळ्यांत भीती आली, आणि मी ती बघत बसले. मग पाणी दिलं.