सोमवारची गाडी

प्रिय लेकी,

पत्र मी सांगतेय आणि लिहितोय आपला टोळ, तुझी पोरगी, म्हणजे अक्षर सरळ आणि लिहिणारी वाकडी, ही नेहमीचीच जोडी. मागच्या पत्रात मी सांगितलेले गणिताचे मार्क बाईसाहेबांनी परस्पर गाळले. खालच्या शिंप्याकडून पत्र वाचून घेतलं तेव्हा चोरी पकडली गेली. म्हणून आता करार केलाय. मी बोलेन ते शब्दाला शब्द उतरवायचं, आणि पाकीट चिकटवायच्या आधी शिंपी मला वाचून दाखवणार. अंगठाबहाद्दर बाईला एवढी पोलिसगिरी करावीच लागते.

घरचं सगळं जागच्या जागी आहे. तू गेल्यापासून दोघींच्या स्वयंपाकात तिघींचं शिजतं, ते मीच संपवते, त्यामुळे माझा पदर पुरेनासा झालाय. बाथरूमच्या नळाचा वॉशर बदलून घेतला, आता टपटप होत नाही. बाथरूमच्या नळाचा वॉशर बदलून घेतला, आता टपटप होत नाही. वरच्या मजल्यावरच्या मास्तरणीने पेटी शिकायला घेतलीय. तिची प्रगती होईपर्यंत मी बहिरी झाले तर बरं. तू तिकडे डोंगरावर क्रेनमध्ये बसून लोकांच्या डोक्यावरून लोखंड फिरवतेस, तेव्हा हेल्मेट घालतेस ना? घाल. आपल्या घरातल्या एका तरी डोक्यावर काहीतरी असू दे.

टोळाच्या फुटबॉलच्या सरावाला मैदानावर मी रोज जाते. बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या राखते. कोचबाई माणूस हिऱ्यासारखी. आधी वीस मिनिटं पोरींकडून काय काय करून घेते, मगच बॉल बाहेर काढते. एका पायावर उभं राहायचं, उडी मारून मांजरासारखं अलगद उतरायचं, गुडघे आत पडू द्यायचे नाहीत. मलाही एक दिवस एका पायावर उभं केलं. कठडा धरून मी तिसऱ्या आकड्यापर्यंत टिकले, पोरींनी टाळ्या वाजवल्या. नडग्यांचे पॅड घातले नसतील तर आत पाय ठेवू देत नाही. वाऱ्याने गोलचा खांब कुणाच्या अंगावर पडू नये म्हणून त्याच्या बुडाला वाळूच्या पिशव्या ठेवते. गेल्या गुरुवारी ती पाठ करून तीच पिशवी सरकवत होती, आणि इकडे दोघी पोरी एकाच बॉलसाठी उडाल्या. डोक्यावर डोकं, लाकडावर लाकूड आपटावं तसा आवाज झाला.

एक ती लांब वेणीची, आणि एक कोण ते लिहिणारीला ठाऊक आहे. आत्ता पेन थांबलंय. चालू दे गं, करार म्हणजे करार. हेही लिही.

वेणीवाली रडली. तिला बर्फ लावला, दवाखान्यात नेलं, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत खेळायचं नाही असं सांगून घरी बसवली. आपली हसली. कोचबाई वळायच्या आत उठून धावायलाही लागली. रडली ती वाचली बघ. हसणारीला कोण विचारतंय? रविवारी निवडीचा सामना आहे, बाहेरून माणसं बघायला येणार आहेत. दोन वर्षं ती याच दिवसासाठी पहाटे उठतेय, हे मला कळत नाही का?

मी गप्प बसले नाही, लेकी. दुसऱ्या दिवशी जाऊन कोचबाईंना सांगितलं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. टोळाला बोलावून डोळ्यांत बघितलं, सरळ रेषेत चालवलं, डोकं दुखतं का विचारलं. पोरगी पास झाली. वर म्हणते कशी, आजीच्या चष्म्याचा नंबर वाढलाय, तिने दुसऱ्याच कुणाला बघितलं असेल. वेणीवालीला विचारलं तर तिला म्हणे कुणावर आपटली ते आठवत नाही. मैत्रीण ती, दुसरं काय सांगणार? कोचबाईंनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. मोडलेला पाय दिसतो गं. डोक्यातलं फक्त ज्याचं डोकं त्यालाच कळतं, आणि तोच कुलूप लावून बसला तर कोचबाई तरी काय करणार? पहिला मार भरून यायच्या आत डोक्याला दुसरा बसला तर, एवढं त्या सगळ्या आयांना सांगतात. पुढचं वाक्य कधी पुरं करत नाहीत.

मी मात्र घरात असते. तिला दिवा नको असतो. हे पत्रही खिडकी अर्धी लोटून लिहितेय. शाळेतून आली की भिंतीकडे तोंड करून पडते. मिठाचा डबा फ्रिजमध्ये सापडला. परवा सकाळी नळ सोडून उलटी करत होती, नळ सोडला की आजीला ऐकू येत नाही असा तिचा समज. दवाखान्यात चल म्हटलं, तर म्हणाली तूच जा, गुडघे दाखव तुझे. ओढून न्यावं तर माझ्याहून वीतभर उंच. बूट पिठाच्या डब्यामागे लपवले, ते दोन मिनिटांत काढले. वरच्या फळीवर ठेवावेत तर माझा हात पोचत नाही, आणि घरात हात पोचणारी एकच, ती.

तुझ्याकडे फोन लागत नाही, आणि पत्रं नेणारी सामानाची गाडी सोमवारी निघते. म्हणजे हे तुझ्या हातात पडेल तेव्हा रविवार होऊन गेलेला असेल. हे काय मला कळत नाही? शिंपी वाचेल, हळहळेल, आणि फार तर माप घेईल. मग लिहितेय कशाला? तर मी तोंडाने सांगायला लागले की ही कानांवर हात ठेवते. लिहिताना दोन्ही हात कागदावर लागतात. तेवढा वेळ कान उघडे असतात. तुझ्या नावाने मला तेवढा वेळ हवा होता, तो मिळाला. आता माझ्याकडचं संपलं. रविवारी मी बाटल्या घेऊन बाकावर बसेन, दुसरं काय करणार?

तुझीच,
बाकावरची आई

आई, खालचं आजीने सांगितलेलं नाही. शिंपीकाकांकडे न्यायच्या आधी मी पत्र वाचून बघितलं. नळाचं वाक्य मी दोनदा लिहिलंय. आजीने ते एकदाच सांगितलं होतं. दोनदा लिहिल्याचं मला अजूनही आठवत नाही. खोडलेलं नाही. पत्र घेऊन आधी कोचबाईंकडे जातेय.