पांढरा सोफा

जाऊबाई,

तुमच्या नव्या सोफ्यावर मी एकदाही टेकले नाही, म्हणून तुम्ही सगळीकडे सांगितलंत, "धाकटीला भारी तोरा."

तोरा कसला? शिंकले, हसले, बादली उचलली की लघवी सुटायची. पॅडलाही आवरायची नाही. तुमचा सोफा पांढराशुभ्र आणि तुमचे विनोद एकाहून एक. दोन्हींपासून लांब उभी राहायचे.

मागच्या महिन्यात ऑपरेशन केलं. अर्ध्या तासाचं काम. लघवीच्या नळीखाली आधाराला एक बारीक पट्टी बसवतात. परवा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खोकून दाखवा." चांगली दणकून खोकले. सात वर्षांनी पहिल्यांदा कोरडी!

हे एकदाचं तुमच्या तोंडावर मारावं म्हणून लिहायला बसले. लिहिताना आठवलं, दोन वर्षं झाली, तुम्हीही माझ्याकडे आलात की खुर्ची नको म्हणता आणि दारातूनच परत जाता. मीही सगळ्यांना सांगत सुटले होते, "थोरलीला गर्व चढलाय."

हे पत्र फाडते. रविवारी मीच येते. घरी खुर्चीवर घालून बसायचे ते माझं मेणकापड आता नुसतं पडून आहे. ते तुमच्या सोफ्यावर अंथरू आणि दोघी बसू.

तुमची,
तोऱ्याची धाकटी